भिंतीवरचा तक्ता कोणासाठी?

जूनचा पंधरवडा उलटतो, मृगाचा पाऊस स्थिरावतो आणि शाळेची घंटा पुन्हा वाजू लागते. दप्तर, छत्री, वह्या यांची खरेदी आटोपते न आटोपते तोच एके दिवशी मूल निरोप घेऊन घरी येते, की बाईंनी वर्गासाठी एक तक्ता आणावयास सांगितला आहे. मग काका किंवा आत्या बाजारात जाऊन छापील, गुळगुळीत, रंगीबेरंगी तक्ता घेऊन येतात आणि घरातील सर्वांचेच समाधान होते. ज्या घरातील सून किंवा लेक स्वतः शिक्षिका असते, त्या घरी तर रात्रीची जेवणे झाल्यावर माजघरात कागद पसरले जातात, सासूबाई कात्री धरतात, दीर मंडळी अक्षरे रंगवितात आणि मध्यरात्रीपर्यंत सारे कुटुंब एका तक्त्याभोवती गुंतलेले असते. घर आणि शाळा यांचा इतका सरळ संबंध ज्या वस्तूत येतो, तिचा थोडा विचार या सदरात करावा असे आम्हांस वाटते. तक्ता सुंदर कसा करावा हा प्रश्न तसा सोपा आहे. तो कोणासाठी करावयाचा, हा त्याहून अवघड प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तरावरच तक्त्याची सारी उपयुक्तता अवलंबून आहे.

चित्र दाखवून शिकविण्याची कल्पना आजची नव्हे. १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे कोमेनियस नावाच्या विद्वान शिक्षकाने 'ऑर्बिस पिक्टस' हे मुलांसाठी चित्रांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात प्रत्येक पाठावर एक चित्र, चित्रातील वस्तूंना आकडे आणि त्या आकड्यांखाली लॅटिन व जर्मन नावे, अशी मांडणी होती. वस्तू आधी डोळ्यांस दिसावी आणि मग तिचे नाव शिकावे, हे त्यामागील सूत्र होय. आपल्याकडे १८७८ साली पुण्यास चित्रशाळा छापखाना निघाला आणि १८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. छापील चित्र सामान्य गृहस्थाच्या भिंतीवर येण्यास या दोन उद्योगांचे फार साहाय्य झाले. घराच्या भिंतीवर आलेले चित्र शाळेच्या भिंतीवर पोहोचावयास मग उशीर लागला नाही. तेव्हा छापील तक्त्याविषयी आमच्या मनात अनादर मुळीच नाही. मानवी शरीराच्या अंतर्भागाचा किंवा सूर्यमालेचा तक्ता विकतच घ्यावा. तो घरी काढण्यात वेळ जाईल आणि चुका राहतील. परंतु अक्षरओळखीचा, शब्दांचा आणि परिसराचा तक्ता विकत आणला, तर काय घडते हे मात्र बारकाईने पाहिले पाहिजे.

अक्षराच्या तक्त्याचे काम चार पायऱ्यांनी चालते. मूल प्रथम चित्र पाहते. मग त्या वस्तूचे नाव ते आपल्याच तोंडाने उच्चारते. त्या नावाचा पहिला ध्वनी त्याच्या कानी पडतो आणि शेवटी त्या ध्वनीची खूण म्हणून शेजारचे अक्षर त्याच्या मनात ठसते. यांतील दुसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि विकतचा तक्ता नेमका तेथेच दगा देतो. 'ए'साठी एडक्याचे चित्र असते. पण आजचे मूल ते पाहून 'मेंढा' म्हणते किंवा 'बकरा' म्हणते, आणि 'ए'ची खूण म्हणून 'म' किंवा 'ब' हा ध्वनी धरून बसते. 'ठ'साठी ठसा असतो. मूल त्याला शिक्का म्हणते. 'ऐ'ची ऐरण लोहाराच्या भात्याशी न बसलेल्या मुलाला ओळखता येणे शक्य नाही. 'ग'च्या गणपतीला घरोघरीची मुले प्रेमाने 'बाप्पा' म्हणतात. अशा वेळी शिक्षक चित्राचे नाव सांगतात, मूल ते पाठ करते आणि 'ए एडक्याचा' ही घोषणा सुस्वर होते. पण तेव्हा मूल चित्रावरून अक्षर शिकत नसून चित्र आणि अक्षर अशा दोन अनोळखी गोष्टींची जोडी केवळ घोकत असते. ज्याची स्मरणशक्ती चांगली ते निभावून जाते. ज्याची बेताची, त्याच्यावर पहिल्या दोन महिन्यांतच 'याला काही येत नाही' असा शिक्का बसतो, आणि पुढे तो पुसावयास वर्षे लागतात. एवढे नुकसान एका निष्पाप दिसणाऱ्या कागदाने होऊ शकते, म्हणूनच हा विषय आम्ही क्षुल्लक मानीत नाही.

आता रत्नागिरीच्या मांडवीचे उदाहरण घेऊ. पश्चिमेस रत्नदुर्गाचा डोंगर, दक्षिणेस राजिवडा आणि भाट्याची खाडी, समोर अरबी समुद्र, पायाखाली काळसर वाळू आणि समुद्रात शिरलेली जेट्टी, असा हा परिसर. येथील शाळेत येणारी मुले एकाच प्रकारच्या घरांतून येत नाहीत. कोणाचे वडील होडीवर असतात, कोणाचे घर नारळी-आंब्यांच्या बागेत असते, कोणाचे दुकान असते, कोणाची आई कचेरीत जाते. त्यांत कोळी-खारवी, भंडारी, मुस्लिम मच्छीमार, वाणी, ब्राह्मण अशा सर्वांची मुले असतात. या सर्व मुलांच्या डोळ्यांसमोर रोज जे असते, त्यातूनच तक्ता केला तर तो कसा होईल? 'ह' होडीचा, 'ज' जाळ्याचा, 'व' वल्ह्याचा, 'ल' लाटेचा, 'श' शिंपल्याचा, 'झ' झावळीचा, 'फ' फणसाचा, 'ध' धक्क्याचा, 'ग' गळाचा, 'ब' बांगड्याचा, 'स' भाट्याच्या किनाऱ्यावरील सुरूचा. 'भ' भरतीचा करावा की संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या भेळेचा, हे मुलांनाच विचारावे. त्यांचे मत कोणत्या बाजूस पडेल हे वाचकांनी ओळखले असेलच. 'ण' हे अक्षर मराठी शब्दाच्या आरंभी येतच नाही, म्हणून छापील तक्त्यांत बिचाऱ्या बाणाच्या शेपटाशी ते लटकत असते. मांडवीच्या मुलाला धनुष्यबाणापेक्षा रापण अधिक परिचयाची. किनाऱ्यावरून माणसांच्या दोन रांगा दोर ओढीत ते लांबलचक जाळे बाहेर काढतात, तेव्हा ते पाहावयास मुलांची गर्दी होते. तेव्हा 'ण' रापणीचा.

सर्वांत उद्बोधक उदाहरण 'न'चे आहे. देशावरच्या शाळेत 'न' नांगराचा म्हटले की बैलांच्या मागे चालणारे औत डोळ्यांसमोर येते. मांडवीत नांगर म्हणजे होडी जागच्या जागी रोखून धरणारा लोखंडी आकडा. शब्द एकच, अक्षर एकच, पण चित्र अगदी निराळे. सोलापूरच्या मुलापुढे होडीचा नांगर ठेवणे जितके विसंगत, तितकेच मांडवीच्या मुलापुढे शेतीचा ठेवणे. पुढे तिसरी-चौथीत दोन्ही चित्रे शेजारी शेजारी लावावीत आणि एका शब्दाचे दोन अर्थ कसे झाले असतील, यावर मुलांना बोलते करावे. दोन्ही नांगर जमिनीत रुततात हे एखादे चौकस मूल आपण होऊन सांगेल. व्याकरणाचा असा पाठ कोणत्याही छापील तक्त्यात मिळणार नाही.

आमच्या वाचकांपैकी काही कुटुंबांत मासळी शिजत नाही. तेथील आजींना शाळेच्या भिंतीवर बांगडा, सुरमई आणि कुर्ली पाहून थोडे अवघडल्यासारखे होईल, हे आम्ही जाणतो. परंतु तक्त्यावरील बांगडा ताटात येत नाही. समुद्रकाठी राहणाऱ्या मुलाला समुद्रातील चार जीव नावानिशी ओळखता येऊ नयेत, हीच खरी उणीव होय. उलट शेजारच्या बाकावर बसणाऱ्या ज्या मुलाचे सारे घर त्या बांगड्यावर चालते, त्याला आपल्या घरची वस्तू शाळेच्या भिंतीवर मानाने टांगलेली दिसते. शाळा ही परक्यांची जागा आहे, तेथे आपल्या घरातील काहीच चालत नाही, असा समज घेऊन कितीतरी मुले पहिलीतच मनाने शाळेबाहेर जातात. मग सहावी-सातवीत ती देहानेही जातात, आणि आपण त्यांच्या आईबापांच्या निष्काळजीपणाची चर्चा करीत बसतो. भिंतीवरच्या एका चित्राने हे सारे टळते असे आम्ही म्हणत नाही. पण 'तुझे येथे स्वागत आहे' हे सहा वर्षांच्या मुलाला भाषणाने कळत नाही. ते त्याला अशाच खुणांनी कळते.

या विचाराला आपल्याच महाराष्ट्रात मोठा आधार आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. माँटेसरी पद्धतीची साधने मौल्यवान होती. ती शहरातील सुखवस्तू घरांच्या मुलांना मिळत, खेड्यातील मुलांना मिळणे शक्य नव्हते. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. बोर्डी हेही मांडवीसारखेच समुद्रकाठचे गाव, आज पालघर जिल्ह्यात असलेले. तेथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर या दोघींनी शिंपले, खडे, बिया, पाने, फुले, मातीची भांडी यांचीच शिक्षणसाधने केली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, यातून अंगणवाडी उभी राहिली. मुले गुरे राखावयास जातात तर शाळाही कुरणावर न्यावी, यातून कुरणशाळा निघाली. मुलाने शाळेकडे यावे यापूर्वी शाळेने मुलाकडे चार पावले टाकावीत, हे त्यांच्या साऱ्या कार्याचे सार आहे. परिसरातून केलेला तक्ता म्हणजे त्याच वाटेवरचे एक लहान पाऊल होय.

येथे भाषेचाही प्रश्न येतो आणि तो नाजूक आहे. खेकड्याला मांडवीच्या बहुतेक घरांत 'कुर्ली' म्हणतात. पुस्तकात 'खेकडा' असतो. मुलाने 'कुर्ली' म्हटले की 'चूक, खेकडा म्हण' असे पटकन तोंडून जाते. तसे करू नये. तक्त्यावर चित्राखाली दोन ओळी ठेवाव्यात, एकीत घरचा शब्द आणि दुसरीत पुस्तकातील शब्द. राजिवड्याकडील मुस्लिम घरातून आलेल्या मुलाने तिसरा शब्द सांगितला, तर तिसरी ओळ वाढवावी. याने प्रमाण मराठी बिघडेल अशी भीती कोणी बाळगू नये. घरचा शब्द ज्याच्या हाती पक्का आहे, त्याला पुस्तकातील शब्द त्याच खुंटीवर टांगता येतो. घरचा शब्दच काढून घेतला, तर नवा शब्द टांगावयास खुंटीच उरत नाही.

अक्षरांच्या पुढे जाऊन मांडवीसारख्या ठिकाणी मुलांनी स्वतः करावा असा आणखी एक तक्ता आम्ही सुचवितो, तो म्हणजे भरती-ओहोटीचा. समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि आजच्यापेक्षा उद्याची भरती सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. कोकणच्या किनाऱ्यावरील जुन्या माणसांचा यासाठी एक साधा ठोकताळा आहे: तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमेला आणि अमावास्येला ती दुपारी व मध्यरात्रीच्या सुमारास येते. बंदराबंदरागणिक यात थोडे कमी-अधिक होते आणि मौज तेथेच आहे. एका लांब कागदावर पंधरा रकाने आखावेत. प्रत्येक रकान्यात तिथी, ठोकताळ्याने काढलेली वेळ आणि प्रत्यक्ष भरतीची वेळ, अशा तीन गोष्टी लिहाव्यात. प्रत्यक्ष वेळ ज्यांच्या घरी होड्या आहेत ती मुले वडिलांना विचारून आणतील. पावसाळ्यात मुलांना पाण्याजवळ पाठवू नये आणि इतर दिवसांतही मोठे माणूस बरोबर असावे. पंधरवडा संपला की मांडवीला ठोकताळा किती मिनिटांनी चुकतो, हे वर्गालाच कळेल. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी धक्क्यावर किती चढते आणि अष्टमीच्या भांगाला किती कमी राहते, याच्या खुणाही त्याच तक्त्यावर करता येतील.

या एका तक्त्यात गणित, भूगोल, पंचांग आणि घड्याळ ही चारही एकत्र येतात. घरातील आजोबांना लहानपणी शिकलेली पाऊणकी अजून पाठ असेल, तर त्यांना आपल्या पाठांतराचा उपयोग नातवाच्या वर्गात होताना पाहून किती आनंद होईल! आणि ज्या मुलाला वाचनात मागे म्हणून हिणविले जाते, पण ज्याला भरतीची वेळ आकाशाकडे पाहून सांगता येते, ते मूल त्या पंधरा दिवसांपुरते तरी वर्गाचे गुरू होते.

वरच्या वर्गांसाठी रत्नागिरीत आणखी एक विषय हाताशी आहे. रत्नागिरी-राजापूर परिसरातील सड्यांवर जांभ्या दगडात कोरलेली प्राचीन चित्रे, म्हणजे कातळशिल्पे, सापडली आहेत. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यांचा समावेश झाला. कशेळीच्या सड्यावरील हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. तोच हत्ती अर्ध्या मीटरच्या कागदावर उतरवावयाचा तर प्रत्येक माप किती पटीने लहान करावे लागेल, हे सातवीच्या मुलांनी काढावे. उत्तर छत्तीस येते. प्रमाणाचे उदाहरण आणि स्वतःच्या भूमीचा इतिहास दोन्ही एका कागदावर येतात. असा तक्ता कोणत्याही बाजारात विकत मिळत नाही.

इतके वाचून उत्साही शिक्षिका आणि त्यांच्याहून उत्साही पालक वर्गाच्या चारही भिंती तक्त्यांनी भरून टाकतील, अशी आम्हांस धास्ती वाटते. म्हणून एका प्रयोगाची हकीकत सांगतो. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात ॲना फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवर्गातील २४ मुलांना विज्ञानाचे सहा पाठ दिले. काही पाठ तक्त्यांनी व चित्रांनी गच्च भरलेल्या खोलीत झाले, काही जवळजवळ मोकळ्या भिंतींच्या खोलीत झाले. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भरलेल्या खोलीत मुलांचे लक्ष पाठाबाहेर असण्याचे प्रमाण शेकडा ३८.६ होते, मोकळ्या खोलीत ते २८.४ होते. पाठानंतरच्या चाचणीत भरलेल्या खोलीतील उत्तरे शेकडा ४२ बरोबर आली, तर मोकळ्या खोलीतील शेकडा ५५. मुले थोडी आणि पाठ मोजके, हे खरे. परंतु घरातील अनुभवही निराळा नाही. भिंतीवर दहा दिनदर्शिका लावल्या तर तारीख एकीतही दिसत नाही. म्हणून एका वेळी जो पाठ चालू असेल त्याचेच एक-दोन तक्ते समोर असावेत आणि काम संपताच ते गुंडाळून ठेवावेत. जो तक्ता वर्षभर एकाच खिळ्याला लटकतो तो दिवाळीपर्यंत भिंतच होऊन जातो. मुलांच्या डोळ्यांना तो दिसेनासा होतो.

मग हे तक्ते इतके वाढतात कशाने? खरे सांगावयाचे तर पुष्कळदा ते मुलांसाठी लावलेलेच नसतात. तपासणीस येणारे अधिकारी, स्पर्धेचे परीक्षक, पालकसभेला येणारे पालक आणि हल्ली छायाचित्रे, यांच्यासाठी ते लावलेले असतात. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळत असत. त्यातून पुष्कळ शिक्षकांनी अंतःकरणपूर्वक साहित्य घडविले, आणि पुष्कळ ठिकाणी दुकानातून तक्त्यांचा गठ्ठाही आला. याउलट सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील जिल्हा परिषदेच्या शाळांनी वर्गाच्या फरशीवर आणि भिंतीच्या खालच्या भागात, मुलांच्या हाताला लागतील अशी अक्षरे, आकडे आणि खेळ रंगविले. मुले त्यांवर बसून, खडे मांडून शिकू लागली. ते पाहावयास राज्यभरातून शिक्षक जात असत आणि २०१५ साली सुरू झालेल्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या सुमारास ती पद्धत दूरवर पसरली. तेथील रंगांचे अनुकरण सर्वांनी केले. अनुकरण करावयाचे होते ते मुलाच्या हाताच्या उंचीचे. पहिलीतील मूल उभे राहिले असता त्याची नजर जमिनीपासून साधारण एक मीटरवर असते. आपले बहुतेक तक्ते शिक्षकांच्या डोक्याच्या वर टांगलेले असतात, यावरून ते कोणासाठी आहेत ते उघड होते.

आता ज्यांना प्रत्यक्ष काम करावयाचे आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. अक्षराची उंची वाचणाऱ्याच्या अंतराच्या दोनशेव्या हिश्श्याहून कमी नसावी. वर्गातील शेवटचे बाक सहा मीटरांवर असेल तर अक्षर तीन सेंटीमीटरांचे हवे. वेलांट्या-उकारांना जागा सोडली म्हणजे ५६ × ७६ सेंटीमीटरांच्या ड्रॉइंग पेपरवर आठाहून अधिक ओळी बसत नाहीत, बसवूही नयेत. पांढऱ्यावर काळी किंवा गडद निळी अक्षरे काढावीत. पिवळी आणि गुलाबी दुरून नाहीशी होतात. घ-ध, भ-म, थ-य या जोड्या मुलांना चकवितात. म्हणून ध, भ आणि थ यांच्या डोक्यावर शिरोरेषा जेथे तुटते ती फट स्पष्ट ठेवावी. संगणकावरून अक्षरे छापून घेतल्यास 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात का, ते पाहून घ्यावे. मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श वापरावा असे महाराष्ट्र शासनाने २००९ साली ठरवून दिले आहे. मुलाने पुस्तकात एक आणि भिंतीवर दुसरे वळण पाहू नये.

कोकणात तक्त्याचा मोठा शत्रू म्हणजे पावसाळा. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. कागद सादळतो, कडा वळतात, बुरशी धरते आणि खळीच्या वासाने कसर लागते. त्यावर उपाय म्हणून फ्लेक्स छापून घेण्याची प्रथा पडली आहे. परंतु ते प्लॅस्टिक उन्हात चमकते, त्यावर मुलांना काही लिहिता येत नाही, आणि फाटल्यावर ते कुजत नाही. त्यापेक्षा जुनी युक्ती चांगली. कागद मांजरपाटावर मैद्याच्या खळीने चिकटवावा आणि खाली-वर चिव्याची काठी घालून गुंडाळता येईल असा करावा. आपल्या लहानपणचे भूगोलाचे नकाशे असेच असत. पुस्तके बांधणारे खळीत कसरीसाठी चिमूटभर मोरचूद घालीत. ते विषारी आहे, म्हणून ते काम मोठ्यांनीच करावे आणि मुलांचा हात त्या खळीला लागू देऊ नये. पावसाळ्यात तक्ता बाहेरच्या भिंतीला न लावता आतल्या कोरड्या भिंतीला लावावा.

राहता राहिला घरच्या मंडळींचा वाटा. एकत्र कुटुंबात एका तक्त्यासाठी लागणारी सारी माणसे असतात. आजोबांचे अक्षर वळणदार असते. आजींना झाडांची आणि पाखरांची अशी नावे ठाऊक असतात, की ती कोणत्याही पुस्तकात मिळू नयेत. एखाद्या काकांना मोजमाप येते, एखादी आत्या चित्रे काढते. या सर्वांनी मदत अवश्य करावी, परंतु मुलाच्या हातातून ब्रश काढून घेऊ नये. मुलाला 'प्रकल्प' म्हणून दिलेला तक्ता आईबापांनी रात्री जागून करावा किंवा दुकानातून चित्रे कापून आणावीत, आणि मुलाने तो सकाळी केवळ उचलून न्यावा, असे आज घरोघरी घडते. त्या तक्त्याला वर्गात पहिला क्रमांक मिळतो आणि मूल एवढेच शिकते, की आपण काढलेली वाकडी होडी कोणाला दाखविण्यासारखी नाही. होडी वाकडी असू द्यावी. अक्षरे मोठ्यांनी नेटकी करून द्यावीत, कारण ती साऱ्या वर्गाने वाचावयाची आहेत. चित्र मात्र मुलाने काढावे, कारण त्याचे नाव त्याच्याच तोंडून निघावयाचे आहे.

शिक्षकांसही आमची एक विनंती आहे. तक्ता टांगण्यापूर्वी त्यावरील शब्द झाकून वर्गातील चार-पाच मुलांना जवळ बोलवावे आणि प्रत्येक चित्रावर बोट ठेवून 'हे काय आहे?' एवढेच विचारावे. ज्या चित्राला सर्व मुले एकच नाव देतील ते ठेवावे. ज्याला तीन नावे मिळतील ते शब्दांच्या तक्त्यात घालावे, अक्षरांच्या नव्हे. ज्याच्यापुढे मुले गप्प राहतील ते काढून टाकावे, मग ते कितीही सुबक असो. या परीक्षेला पाच मिनिटे लागतात आणि ती घेतल्यावर विकतचा तक्ता चांगला की घरचा, हा वाद उरत नाही. त्या मुलांनी ओळखला तो चांगला. आणि प्रत्येक तक्त्यावर खाली दोन चौकोन कोरे सोडावेत. सप्टेंबरमध्ये एखादे मूल नवा शब्द घेऊन येईल, तेव्हा तो लिहावयास जागा हवी.

मांडवीप्रमाणेच डहाणूच्या बागांत, सोलापूरच्या मागांजवळ, विदर्भातील कापसाच्या गावी किंवा परदेशी गेलेल्या मराठी घरांतून ज्यांनी आपल्या परिसराचे असे तक्ते केले असतील, त्यांनी 'ठ', 'ऐ' आणि 'ण' यांसाठी कोणते शब्द योजिले ते आम्हांस अवश्य कळवावे. मांडवीसाठी 'ऐ'चा शब्द आम्हांस अजून सापडलेला नाही.